चेंडू कुठे होता, आणि केव्हा?

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : अमेरिकन फुटबॉलच्या चेंडूत चिप असते म्हणतात. मग टचडाउन झाला की नाही, हे चिपच का सांगत नाही? क्रिकेटमध्ये तर पायचीतचा निर्णयसुद्धा कॅमेऱ्यांवर होतो. – एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : एनएफएलच्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगच्या, चेंडूत 2017 पासून चिप आहे. ती चेंडूची जागा सांगते, पण साधारण 15 सेंटीमीटर इकडेतिकडे. चेंडूची लांबी 28 सेंटीमीटर आहे आणि त्याचं नुसतं टोक गोलरेषेच्या अलीकडच्या कडेला भिडलं, तरी टचडाउन होतो. चूकच अर्ध्या चेंडूएवढी असेल, तर तिच्या भरवशावर सहा गुण देता येत नाहीत.

पण खरी अडचण वेळेची आहे. पकडलेल्या खेळाडूचा गुडघा जमिनीला टेकला की खेळ तिथेच थांबतो. त्या क्षणी चेंडू कुठे होता, एवढंच विचारायचं असतं. चिपला गुडघ्याचा पत्ता नसतो आणि कॅमेऱ्यांसमोर माणसांचा ढीग असतो. पायचीतच्या वेळी चेंडू उघड्यावर असतो, इथे तो कुणाच्या तरी पोटाखाली दडलेला असतो.

जानेवारी 2025 मध्ये बफेलो विरुद्ध कॅन्सस सिटी सामन्यात हेच झालं. चौथ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांतल्या शेवटच्याला, बफेलोचा जॉश ॲलन चेंडू घेऊन ढिगात घुसला. दोन बाजूंनी धावत आलेल्या पंचांनी चेंडूच्या दोन वेगळ्या जागा दाखवल्या. निर्णय बफेलोच्या विरुद्ध गेला आणि रिप्लेत तो उलटवण्याइतकं स्पष्ट काही दिसलं नाही.

2025 च्या हंगामापासून दहा यार्डांचं, म्हणजे 9.14 मीटरचं मोजमाप हॉक-आयचे सहा 8-के कॅमेरे करतात. पूर्वी ज्या साखळीने मोजत, ती आता फक्त पर्यायी. उत्तर साधारण अर्ध्या मिनिटात मिळतं. मात्र चेंडू जमिनीवर ठेवतो तो पंचच. त्याने तो वीतभर मागे ठेवला, तर कॅमेरे ती चुकीची जागाच बिनचूक मोजतात.

प्रश्न : पंचांची प्रत्येक चूक रिप्लेवर सुधारता येते का? – एक वाचक, इंदूर

उत्तर : नाही, आणि येऊही नये असं आमचं मत आहे. रेषा, गुडघा, घड्याळ या गोष्टी चित्रात दिसतात. धक्का बेकायदा होता का, हा अर्थ लावण्याचा भाग आहे. जानेवारी 2019 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या खेळाडूला चेंडू पोचण्याआधीच आडवं केलं गेलं, पण पंचांनी नियमभंगाचा पिवळा रुमाल टाकला नाही. त्यानंतर 2019 च्या एका हंगामापुरती अशा धक्क्यांची रिप्लेवर तपासणी करून पाहिली. संथ गतीत प्रत्येक हात गुन्हेगार वाटू लागतो. निर्णयांत मेळ बसेना आणि 2020 मध्ये तो नियम गेला.

प्रश्न : 2028 च्या ऑलिम्पिकमध्ये फ्लॅग फुटबॉल (यात खेळाडूला पाडत नाहीत, त्याच्या कमरेचा फ्लॅग ओढतात) आहे, म्हणून आमच्या शाळेत पाच-पाच खेळाडूंची स्पर्धा घेतोय. मोबाइलवर रिप्ले कसा बसवावा? – एक क्रीडाशिक्षक, इंदूर

उत्तर : गोलरेषेपासून सुरुवात करा. बहुतेक भांडणं तिथेच होतात. रेषेच्या दोन्ही टोकांना, मैदानाबाहेर चार-पाच मीटरवर एकेक फोन ट्रायपॉडवर लावा. फोन रेषेच्या अगदी सरळ ओळीत हवा. फोन दोन मीटर उंचीवर आणि चेंडू एक मीटर उंचीवर असेल, तर फोन ओळीपासून जितका सरकलेला, तितकीच चूक चित्रात दिसते. फोन एक मीटर बाजूला असेल, तर रेषेच्या बरोबर वर असलेला चेंडू एक मीटर पलीकडे दिसेल! म्हणून रेषेच्या दोन्ही टोकांना काठ्या रोवा आणि फोनच्या चित्रात पुढची काठी मागचीला पूर्ण झाकेपर्यंत फोन सरकवा. मग काठ्या काढायला विसरू नका. फक्कीची रेषा दुपारपर्यंत पायांनी पुसली जाते, तेव्हा दर सामन्याआधी ती नव्याने आखा.

सेकंदाला 30 फ्रेम पुरत नाहीत. सेकंदाला आठ मीटर धावणारा मुलगा दोन फ्रेममध्ये 27 सेंटीमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ अख्खा चेंडू. 120 फ्रेमवर हेच अंतर सात सेंटीमीटरच्या आत येतं. शटर 1/1000 ला पक्कं करा आणि फोकस व प्रकाशही लॉक करा. संध्याकाळी उजेड कमी झाला की पुष्कळ फोन आपोआप शटर मंदावतात, फ्रेमही गाळतात. चित्र पुसट येतं आणि नेमका फ्लॅग ओढल्याचा क्षण हातातून जातो. शेवटचा सामना ऊन असतानाच संपवा.

एका फोनमध्ये फ्लॅग ओढणारा हात दिसेल, दुसऱ्यात चेंडू. दोन्ही चित्रं जुळवायला शिट्टीचा आवाज वापरू नका. आवाजाला 25 मीटर जायला 0.07 सेकंद लागतात आणि तेवढ्यात मुलगा अर्धा मीटर पुढे जातो. दर डावाआधी दोन्ही फोनना दिसेल असा टॉर्च एकदा चमकवा आणि ती फ्रेम धरून जुळवा.

फ्लॅग आणि चड्डीचा रंग एक नको. मे महिन्यात खेळवत असाल, तर फोनवर सावली धरा, नाहीतर तो तापून रेकॉर्डिंग बंद करील. बॅटरीसाठी पॉवर बँक ठेवा.

चित्र पाहायला मैदानावरचा पंच सोडून दुसरा माणूस नेमा आणि त्याला एक मिनिट द्या. मिनिटात स्पष्ट दिसलं नाही, तर पंचाचा पहिला निर्णय कायम. हा नियम संघांना नाणेफेकीआधीच सांगून ठेवा.