नोकरी आणि लेखन यांतूनच झेन साधना करता येते का?

आपण विचारले आहे की, ऐरोलीतील नोकरी आणि रात्रीचे कथालेखन यांमुळे ध्यानाला बसायला वेळच उरत नसेल, तर या दोन कामांनाच साधना मानावे का. नेमका असाच प्रश्न जपानमधील सोतो झेन या ध्यानावर भर देणाऱ्या बौद्ध परंपरेचे प्रवर्तक दोगेन (१२००–१२५३) यांनी उलट बाजूने विचारला होता. १२२३ मध्ये ते चीनला पोहोचले तेव्हा एका मठाचा एकसष्ट वर्षांचा आचारी अळंबी विकत घ्यायला जहाजावर आला. या वयात ध्यान आणि अध्ययन सोडून स्वयंपाकाची यातायात कशाला, असे दोगेन यांनी विचारताच तो हसला आणि साधना म्हणजे काय हे तुम्हाला अजून उमगलेले नाही, असे म्हणाला. पुढे १२३७ मध्ये दोगेन यांनी मठातील आचाऱ्यांसाठी सूचना लिहिल्या. तांदूळ निवडताना वाळूवर नजर हवी आणि वाळू काढताना तांदळावर, हे त्यांत येते.

मी वाशीच्या बाजार समितीत कांदा-बटाट्याच्या एका गाळ्यावर हिशेब लिहिते. शेतकऱ्याची पट्टी (विकलेल्या मालाचा हिशेब) करताना गोणी, वजन आणि भाव मांडून हमाली, तोलाई वजा करायची असते, आणि समोर दोघे-तिघे घाई करत असताना नजर त्या एका ओळीवरून हलू द्यायची नसते. पट्टी लिहिता लिहिता मनात कथेचा शेवट घोळवणे हे साधनेच्या अगदी उलट आहे, मग तो शेवट कितीही चांगला सुचो.

लेखनात नजर न हलू देण्याची ही कसोटी मला सुचण्याच्या आनंदापेक्षा पुनर्लेखनात अधिक जाणवते. ‘संध्याकाळ उदास होती’ असे लिहून मोकळे होता येते. त्याऐवजी तुर्भे स्थानकाच्या जिन्यावर ओल्या गोणपाटाचा वास होता आणि चपलेचा अंगठा तुटलेला एक माणूस पाय घासत उतरत होता, एवढेच लिहायचे, आणि स्वतःला आवडलेली उपमा खोडायची. (झेन म्हणजे शांत वाटणे, ही समजूत मला पटत नाही, खोडताना शांत मुळीच वाटत नाही.)

तरीही ध्यानाला बसणे सोडू नये. चीनहून परतताच त्याच दोगेन यांनी बसण्याच्या पद्धतीवर स्वतंत्र लेख लिहिला होता. ऐरोलीपर्यंतच्या दहा मिनिटांच्या लोकलप्रवासात डोळे मिटण्यापेक्षा सकाळी आंघोळीपूर्वी घरीच थोडा वेळ बसावे. मार्गदर्शन हवे असल्यास कोडाईकनालजवळ पेरुमलमलै येथे बोधी झेंदो हे केंद्र आहे. तेथील दिनक्रमातही ध्यानाबरोबर अंगमेहनतीचे काम असतेच.