डेकखाली ग्राउंडहॉगनं बीळ केलंय. घराला धोका आहे का, आणि त्याला घालवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय की न्यू जर्सीत नवीन घर घेतलंय, डेकखाली, म्हणजे घराला लागून असलेल्या लाकडी ओट्याखाली, फूटभर रुंद भगदाड आहे आणि शेजारी दगड-माती टाकून बुजवायला सांगतोय. पिंजरा लावू का, असंही विचारलंय. मे महिना आहे, एवढ्यात बुजवू नका. हा उद्योग मी करून बसलोय.

आमच्याकडे ग्राउंडहॉग, म्हणजे हा बिळात राहणारा गुबगुबीत प्राणी, शेडखाली होता. बाबा तेव्हा साताऱ्याहून आले होते. खिडकीतून बघून म्हणाले, "अरे ही तर घूस! केवढी माजलीय!" उसाचे बांध पोखरणारी घूस हा त्यांचा जुना वैरी, त्यामुळे उपायही घुशीचेच. आधी बिळात लाल तिखट, मग मिरचीची धुरी (शेजारी तेवढे खोकत बाहेर आले), शेवटी दगड आणि वर सिमेंट. तिसऱ्या दिवशी एसीच्या बाहेरच्या युनिटला लागून नवीन भोक! पहिलं निदान शेडखाली तरी होतं.

बाबांचं इथेच चुकलं. हा प्राणी घुशीच्या नाही, खारीच्या कुळातला. लडाखला पँगाँगच्या वाटेवर गलेलठ्ठ मार्मोट पाहिले असतील, त्यांचाच हा भाऊबंद. बिळाचं मुख्य तोंड दहा-बारा इंच रुंद असतं आणि बाहेर मातीचा ढीग दिसतो. पण पळून जायला आणखी एक-दोन तोंडं ठेवलेली असतात. ती आतून उकरलेली, म्हणून बाहेर माती नसते आणि गवतात दिसतच नाहीत. आधी ती शोधा. शिवाय पिल्लं एप्रिल-मेमध्ये होतात. आत्ता बुजवलंत तर पिल्लं आत मरतील, नाहीतर आई जीव खाऊन दुसरीकडून उकरेल.

आता धोक्याचं. तळघराची काँक्रीटची भिंत तो फोडत नाही, तेवढी झोप घ्या. त्रास होतो तो उथळ कामांना: पॅटिओ (अंगणातला फरसबंदी ओटा), पुढच्या दाराच्या पायऱ्या, एसीचा स्लॅब, शेड. खालची माती निघून गेली की स्लॅब अधांतरी राहतो, मग खचतो किंवा तडकतो. दुसरं म्हणजे पाणी. भिंतीलगत बीळ असेल तर पावसाचं पाणी थेट पायाशी उतरतं आणि तळघरात ओल येते. विम्यावर भिस्त ठेवू नका. उंदीर-खारीच्या जातीनं केलेलं नुकसान घराच्या पॉलिसीत सहसा वगळलेलं असतं, तुमची एकदा वाचून बघा.

घालवायची खरी वेळ म्हणजे जुलैअखेर ते सप्टेंबर. तोवर पिल्लं आपापल्या वाटेला लागलेली असतात आणि थंडीची झोप सुरू झालेली नसते. तोपर्यंत जाळी आणून ठेवा. दुकानात ती 'हार्डवेअर क्लॉथ' नावानं मिळते. नाव कापडाचं, पण आहे गॅल्व्हनाइज्ड तारेची जाळी. कोंबड्यांची पातळ जाळी घेऊ नका. खणण्याआधी ८११ ला फोन करा, फुकट येऊन गॅस-विजेच्या लाइनी रंगानं आखून देतात. मग डेकच्या कडेनं फूटभर खोल चर काढायचा, जाळी डेकच्या चौकटीला ठोकून खाली सोडायची आणि तळाशी बाहेरच्या बाजूला आणखी फूटभर वळवून पुरायची. तो कडेला चिकटून उकरतो, आडवी जाळी लागली की मागे सरून लांबून खणायचं त्याला सुचत नाही. मुख्य भोकापाशी फक्त बाहेर उघडणारं झडपेचं दार बसवा. चार-पाच दिवसांनी बिळाच्या तोंडात वर्तमानपत्राचे बोळे सैलसर कोंबा. दोन-तीन दिवस जागचे हलले नाहीत तर घर रिकामं. मग दगड-माती ठोकून भरा आणि तिथली जाळीही पुरी करा. मला दोन वीकेंड लागले आणि कंबर आठवडाभर बोलत होती.

पिंजऱ्याचं विचारलंत. खरबुजाच्या फोडीला भुलून तो सापडतो, पण पुढे काय? पकडून लांबच्या रानात सोडणं बऱ्याच राज्यांत बेकायदा आहे किंवा परवाना लागतो, एक कारण रेबीज. आणि बीळ तसंच राहिलं तर त्यात दुसरा येतो, नाहीतर दुर्गंधी फवारणारा स्कंक, आणि मग तुम्हाला ग्राउंडहॉग बरा वाटेल. बिळात सोडायच्या धुराच्या नळकांड्या घराजवळ अजिबात नकोत. आग लागू शकते आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. डांबराच्या गोळ्याही टाकू नका.

भाजी लावणार असाल तर कुंपण तीन-चार फूट उंच घ्या, पण वरचा फूटभर भाग ताणू नका, सैल बाहेर झुकू द्या. हा चढतो, पण हलत्या जाळीवर बिचकतो. आमची मेथी त्यानंतरच ताटात आली.

२ फेब्रुवारीला पेनसिल्व्हेनियात पंक्सटॉनी गावचा फिल नावाचा ग्राउंडहॉग सावली बघतो आणि त्यावरून थंडी किती लांबेल ते सांगतात, ती गंमत वेगळी. पण त्याच सुमारास नर खरोखर जागे होऊन माद्यांची बिळं हुडकत फिरतात. तेव्हा मी शेडभोवती एक चक्कर मारून ताजी माती दिसते का बघतो. बाबाही फोनवर आधी तेच विचारतात, "घूस आली का रे परत?"