शाळेच्या ग्रंथालयात मेकरस्पेस: आधी दाभण घ्या, प्रिंटर नंतर

तुमचा प्रश्न असा: पुण्यातल्या मराठी माध्यमाच्या शाळेत तुम्ही ग्रंथपाल आहात, माजी विद्यार्थ्यांनी २५ हजार रुपये दिले आहेत, मुख्याध्यापक म्हणतात ग्रंथालयातच मेकरस्पेस, म्हणजे मुलांनी स्वतःच्या हातांनी वस्तू करून बघण्याची जागा, करा. सगळ्या पैशांचा थ्रीडी प्रिंटर घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी पेठेतल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. गेली सहा वर्षं आमच्या ग्रंथालयात खिडकीजवळच्या दोन टेबलांवर हे काम चालतं. मुलं त्याला ‘खटपट टेबल’ म्हणतात. त्या अनुभवावरून सांगते, प्रिंटर घेऊ नका. पहिली दोन वर्षं तरी नकोच.

प्रिंटर प्लॅस्टिकची तार वितळवून थरावर थर चढवतो. थराची जाडी साधारण ०.२ मिलिमीटर धरली, तर ५ सेंटिमीटर उंचीच्या एका मावळ्याला २५० थर लागतात. म्हणजे तास दोन तास सहज, कधी त्याहून जास्त. आपली तासिका ३५ मिनिटांची. एक मूल बटण दाबतं आणि उरलेला वर्ग बघत बसतो. शिवाय तो मावळा बहुतेक वेळा इंटरनेटवरून आयता उतरवलेला असतो, त्यात मुलाच्या हाताचं काहीच नसतं. प्रिंटर वाईट नाही, पण ज्या मुलाने कधी पट्टीने मोजून पुठ्ठा कापलेला नाही त्याच्या हाती तो आधी देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आता खरेदीच्याही आधीची गोष्ट. ती कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी पूर्वी ज्या शाळेत होते तिथे एका देणगीतून रोबोटिक्सचे संच आले होते. छान संच होते. ते डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढले, कपाटात गेले आणि कपाटाला कुलूप लागलं. कारण साधं होतं. एखादी मोटर जळली तर ती भरून कोण देणार? ज्याच्या नावावर वस्तू, त्याच्या गळ्यात ती. मग शिक्षक ते संच कशाला बाहेर काढतील? वार्षिक तपासणीच्या दिवशी ते टेबलावर मांडायचे आणि संध्याकाळी परत आत. तीन वर्षांनी मी ती शाळा सोडली, तेव्हाही काही पाकिटांचं सील तसंच होतं. मला त्याचं अजून वाईट वाटतं, कारण त्या तीन वर्षांत सातवीची पोरं दहावी होऊन गेली.

म्हणून इथे मी पहिलं काम केलं ते अर्ज लिहिण्याचं. एलईडी, तारा, सेल, छोट्या मोटरी, पुठ्ठा, गोंद हे सगळं उपभोग्य साहित्य म्हणून वेगळ्या वहीत नोंदवायचं, खडू-डस्टरसारखं. वापरलं की संपलं. डेड स्टॉकला फक्त टिकाऊ हत्यारं: पकडी, हातोड्या, वीज मोजायचा मल्टिमीटर. आणि वर्षाच्या शेवटी मोडलेल्या हत्यारांचं निर्लेखन करायचं, म्हणजे ती रीतसर नोंदीतून काढून टाकायची, फाटून गेलेल्या पुस्तकांचं करतो तसंच. मुख्याध्यापकांची सही घेतली आणि तो कागद फाइलला लावला. तुम्हीही हे आधी करा. नाहीतर तुमचे २५ हजार कपाटात जातील.

ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं पहिलं सूत्र आपण सगळेच परीक्षेत लिहून आलोय: ग्रंथ उपयोगासाठी असतात. एके काळी युरोपातल्या ग्रंथालयांत पुस्तकं साखळीने फडताळाला बांधून ठेवत, त्या पार्श्वभूमीवर हे सूत्र वाचा. पुस्तकाची साखळी सोडणं हेच आपलं काम असेल, तर स्क्रू ड्रायव्हरलाही तेच लागू आहे. मेकरस्पेस विज्ञानाच्या प्रयोगशाळेत न करता ग्रंथालयात करायचा तो याचसाठी. प्रयोगशाळेत अभ्यासक्रम असतो, जर्नल असतं, गुण असतात. आपल्याकडे मूल मधल्या सुट्टीत स्वतःहून येतं आणि हवं ते उचलतं. शाळांमधल्या मेकरस्पेससाठीच्या केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून सुरू झाल्या, त्यांना २० लाखांपर्यंत अनुदान असतं आणि त्या सहावीच्या पुढच्या मुलांसाठी असतात. तुमच्याकडे २५ हजार आणि दोन टेबलं आहेत. त्या लॅबची छोटी नक्कल करायला गेलात तर ते काम कायम अपुरंच वाटत राहील. त्यापेक्षा आपल्याला जे येतं तिथून सुरुवात करा.

आपल्याला काय येतं? पुस्तक बांधायला.

आमच्या टेबलावरचं पहिलं काम फाटक्या पुस्तकांचं होतं. दाभण, जाड सुती दोरा, मैद्याची खळ, पुठ्ठा, कापडी पट्टी, दाबायला दोन फळ्या आणि चार विटा. बाइंडर लोक खळीला कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. मुलांच्या हातात ती खळ देऊ नका, मोरचूद विषारी असतं. साधी खळ रोज ताजी करा, उरली तर टाकून द्या. आणि ओलं पुस्तक नीट वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नका, नाहीतर बुरशी आणि कसर दोन्ही पाहुणे येतात.

पाचवीच्या मुलांना आधी पातळ वही शिवायला दिली. भोकं तीन किंवा पाच, मधल्या भोकातून सुरू करून मधल्याच भोकात गाठ. चार भोकं पाडणाऱ्याची गाठ मधोमध येतच नाही. मी हे सांगितलं नव्हतं, एका मुलीने दोनदा उसवून शोधून काढलं. मग प्रश्न आला की एक पान सरळ दुमडतं आणि दुसरं घडीवर भेगाळतं, असं का? कागदातले तंतू बहुतांशी एका दिशेला पडलेले असतात. त्या दिशेने घडी घातली की ती सरळ बसते, आडवी घातली की तुटते. त्याच कागदाच्या दोन्ही दिशांनी पट्ट्या कापून टेबलाच्या कडेबाहेर धरल्या, तर एक पट्टी जास्त वाकते. मुलांनी मग ग्रंथालयातले कागद, पत्रिका, पुठ्ठे, एवढंच काय प्रगतिपुस्तकंही तपासली. पहिल्या वर्षात आमची दीडेकशे पुस्तकं मुलांनी दुरुस्त केली आणि ज्याने जे पुस्तक शिवलं ते त्याने घरी नेऊन वाचलंही.

हत्यारं आम्ही पुस्तकांसारखीच देतो. प्रत्येक हत्याराला क्रमांक आहे, वाचक कार्डावर नोंद होते, मधली सुट्टी संपल्याची घंटा झाली की परत. भिंतीवर एक प्लायचा फळा लावून त्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवली आहे, त्यामुळे काय परत आलं नाही ते लांबूनही कळतं. टेबलावरच्या मांडणीत त्या त्या कामाची पुस्तकं ठेवली आहेत आणि साहित्याच्या ट्रेवर दशांश वर्गीकरणाचाच, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायला वापरतो तोच, क्रमांक चिकटवला आहे: बांधणीच्या ट्रेवर ६८६.३, शिवणाच्या ट्रेवर ६४६.२, कागदाच्या घड्यांच्या ट्रेवर ७३६.९८, इलेक्ट्रॉनिक्सच्या ट्रेवर ६२१.३८१. मुलं हात काळे करता करता वर्गीकरण शिकली. मी इतकी वर्षं तक्ता लावून जे शिकवत होते ते असं आपोआप झालं.

वीज दुसऱ्या सत्रात आणली. इथे थोडं काटेकोर राहा. बरेच जण बटण सेलवर एलईडी लावायला शिकवतात, कारण ते सोपं आहे. आम्ही बटण सेल ठेवतच नाही. तो लहान मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, आणि आपल्या मुलांच्या घरी धाकटी भावंडं असतात. आम्ही दोन पेन्सिल सेल होल्डरमध्ये घालतो, म्हणजे ३ व्होल्ट, आणि लाल एलईडीला १०० ओहमचा रेझिस्टर (विजेचा प्रवाह आटोक्यात ठेवणारा छोटा भाग) जोडतो. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, उरलेला एक व्होल्ट रेझिस्टरवर पडतो, म्हणजे प्रवाह १ भागिले १००, १० मिलिअँपिअर. आठवीच्या मुलांना ओहमचा नियम इथे पहिल्यांदा उपयोगाचा वाटतो. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या विजेवर कुठलाही प्रयोग नाही, हा नियम दारावर लिहिला आहे. सोल्डरिंग फक्त आठवीपासून पुढे, चष्मा घालून, मी समोर असताना, व्हरांड्यात. सोल्डरच्या तारेत शिसं असतं, म्हणून नंतर साबणाने हात धुतल्याशिवाय डबा उघडायचा नाही.

पालकांकडून जुन्या वस्तू मागवा, पण काय नको ते आधी लिहून द्या. जुने डबा टीव्ही आणि मायक्रोवेव्ह अजिबात नकोत, ते बंद असले तरी आत धोकादायक वीज साठून राहिलेली असू शकते. मोबाइल आणि लॅपटॉपच्या बॅटऱ्याही नकोत, भोसकल्या तर पेट घेतात, आणि आपल्या चारही भिंतींना कागद आहे. कीबोर्ड, माउस, गजराची घड्याळं, चावीची खेळणी, सेलवरचे रेडिओ आणा. प्लगवाल्या वस्तूची वायर मी स्वतः कापून टाकते, मगच ती टेबलावर जाते. खोलून बघणं हे आमच्याकडचं सगळ्यात आवडतं काम आहे. खोलताना प्रत्येक सुटा भाग कागदावर क्रमाने मांडायचा आणि शेजारी नाव किंवा प्रश्नचिन्ह लिहायचं, एवढीच अट.

एक चूक माझ्याकडून झाली, ती तुमच्याकडून होऊ नये. पहिल्या वर्षी टेबल रोज चालू होतं. हातोडी, हसणं, मोटरची भुणभुण. मी खूश होते. दिवाळीनंतर लक्षात आलं की खिडकीपाशी बसून रोज वाचणारी आठवीतली एक मुलगी येईनाशी झाली आहे. विचारलं तर म्हणाली, “बाई, आता इथे वाचता येत नाही.” तिच्या घरी एका खोलीत सहा माणसं. वाचायला शांत जागा तिला फक्त आपल्या ग्रंथालयात मिळत होती आणि ती मीच काढून घेतली होती. त्या आठवड्यातच नियम बदलला. ठोकाठोकी आणि धूळ होणारं काम मंगळवार-गुरुवार, तेही व्हरांड्यात. बाकीचे दिवस शिवण, घड्या, चित्र, खोलून बघणं, हळू आवाजात. ती मुलगी परत आली. टेबलावर ती कधी बसली नाही आणि मी तिला कधी बोलावलंही नाही.

खरेदीबद्दल थोडक्यात. एलईडी, रेझिस्टर, मोटरी, सेल होल्डर बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत सुटे मिळतात. शाळेसाठी हवंय असं सांगितलं की आम्हाला तरी दुकानदारांनी भावही नीट लावला. हत्यारं रविवार पेठेत बोहरी आळीला पाहा. पकड आणि कात्री मुलाच्या मुठीत मावते का ते बघूनच घ्या, मोठ्या माणसाची पकड पाचवीच्या हातात बसत नाही. २५ हजारांतले दहाच आत्ता खर्च करा. उरलेले वर्षभर सेल, गोंद, दोरा यांना लागतील.

काय बनवायचं याची चिंता करू नका, आपलं पंचांगच ते ठरवतं. दिवाळीआधी कामट्या आणि पतंगी कागदाचा आकाशकंदील, आत एलईडी. षटकोन जुळला नाही तर कंदील वाकडा लटकतो आणि मूल स्वतः कोनमापक मागायला येतं. किल्ला तर पुण्यातली मुलं पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहेत, गोणपाटावर माती थापून, अळीव पेरून. आमच्या मुलांनी एका वर्षी ग्रंथालयातली गडांची पुस्तकं काढून राजगडाचा उंचसखल नकाशा पुठ्ठ्याच्या थरांनी केला, एका समोच्च रेषेला (नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेषा) एक पुठ्ठा. प्रिंटर जे करतो तेच, पण प्रत्येक थर हाताने कापलेला.

सुरुवात करण्याआधी दोन ठिकाणं बघाच. अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचं जे काम पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेमधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं केलं, त्यातल्या कृती आणि कितीतरी मराठी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. मी दर महिन्याला एक कृती छापून टेबलावर टांगते. आणि शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवण्याची कार्यशाळा, २००२ मध्ये तिथे उभी राहिली. तिथे जाऊन आलात की गावातली मुलं कामातून काय काय शिकतात ते दिसेल, आणि प्रिंटर कधी घ्यावा याचंही उत्तर तिथेच मिळेल.

एक फडताळ मात्र पहिल्या दिवसापासून रिकामं ठेवा. त्यावर ‘अर्धवट’ अशी पाटी लावा. मधली सुट्टी संपते तेव्हा कुणाचंच काम पुरं झालेलं नसतं. नाव लिहिलेल्या बुटाच्या खोक्यात ते तिथे ठेवायचं, आणि दुसऱ्याच्या खोक्याला कुणी हात लावायचा नाही. आमच्याकडे एक खोका दोन वर्षं तिथेच आहे. तो मुलगा आता नववीत आहे, अजून येऊन बघतो आणि परत ठेवतो.

येत्या सोमवारी फाटक्या पुस्तकांचा ढीग आणि दहा दाभणं एवढंच बाहेर काढा. तापकीर गल्लीत त्यानंतरच्या महिन्यात जा, आणि जाताना टेबलावर रोज येणाऱ्या चार-पाच मुलांना, पालकांची परवानगी घेऊन, बरोबर न्या.