फ्लुकोनाझोल घेऊनही यीस्ट इन्फेक्शन परत येतंय, यावर नवीन औषधं का येत नाहीत?

येतायत, पण फार हळू, कारण यीस्ट ही बुरशी, तिची पेशी बॅक्टेरियापेक्षा आपल्याच पेशीच्या जास्त जवळची असते, तिला मारणारं औषध आपल्यालाही बाधू शकतं. मी सोलापुरात मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये आहे, रोज कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून करायची तपासणी) बघतो. मारा करायला जागाच मोजक्या, एक पेशीच्या आवरणातलं एर्गोस्टेरॉल नावाचं द्रव्य, फ्लुकोनाझोल ते बनूच देत नाही आणि अ‍ॅम्फोटेरिसिन त्याला चिकटतं पण किडनीला त्रास देतं, दुसरी आवरणाबाहेरच्या भिंतीतलं ग्लुकान नावाचं द्रव्य, जे आपल्या शरीरात बनतच नाही. अमेरिकेत २०२१ ला मंजूर झालेली इब्रेक्साफंजर्पची गोळी (योनीमार्गाच्या इन्फेक्शनसाठी) आणि २०२३ चं आठवड्यातून एकदा शिरेतून द्यायचं रेझाफंजिन, दोन्ही ग्लुकानवरच. फॉसमॅनोजेपिक्स या आणखी एका नव्या औषधाचा मार्ग खरंच वेगळा आहे, त्याच्याकडून मला जास्त आशा आहे, कारण २००९ ला जपानमधून पहिल्यांदा नोंदवलेल्या कँडिडा ऑरिस या यीस्टचे काही स्ट्रेन (उपप्रकार) औषधांच्या जुन्या तिन्ही गटांना, म्हणजे फ्लुकोनाझोलच्या, अ‍ॅम्फोटेरिसिनच्या आणि ग्लुकानवरच्या एकायनोकँडिनच्या गटाला, दाद देत नाहीत.

पण इन्फेक्शन परत आलं म्हणजे रेझिस्टन्सच (यीस्ट औषधाला दाद देत नाही) असं नाही हां, शुगर वाढलेली असली तरी होतं, तेव्हा मेडिकलमधून परत त्याच गोळ्या आणू नका, डॉक्टरांना विचारून शुगर आणि कल्चर-सेन्सिटिव्हिटी (कुठलं औषध लागू पडेल याची तपासणी) करून घ्या.