बाल न्याय क्षेत्रात इंटर्नशिप करायचीय, गोव्यात सुरुवात कुठून करू?

लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहात, मडगावला राहता, पुढे फौजदारी आणि मुलांच्या हक्कांचं काम करायचंय. तर वकिलाकडे जावं की संस्थेत, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते दोन्हीकडे नाही, परिविक्षा अधिकाऱ्याच्या, म्हणजे मुलाच्या घरची-शाळेची माहिती काढून बाल न्याय मंडळाला अहवाल देणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाताखाली जा. महिला आणि बाल विकास संचालनालयाकडे कॉलेजच्या पत्रासह अर्ज करा, पोलीस पडताळणीचा दाखला आधीच काढून ठेवा. दाखल्यासाठी थांबण्यातच अर्धी सुट्टी जाते.

एक घोळ आधी मिटवतो. पणजीचं बाल न्यायालय गोवा बाल कायदा २००३ खालचं, तिथे मुख्यतः मुलांवरच्या गुन्ह्यांचे खटले चालतात. मुलाच्या हातून गुन्हा घडल्याचं प्रकरण २०१५ च्या केंद्रीय बाल न्याय कायद्यानुसार बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथे एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात, त्यांतली निदान एक बाई. उंच मंच नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही. मंडळाच्या परवानगीशिवाय आत बसायला मिळत नाही, हे गृहीत धरा.

आता खरं काम: सामाजिक तपास अहवाल, नमुना ६. मूल मंडळापुढे पहिल्यांदा आलं की १५ दिवसांत तो द्यायचा असतो. इंटर्नचं गाडं अडतं ते इथेच. 'घरचं वातावरण वाईट' असं लिहून मोकळे होतात. त्यातून मंडळाला काय कळणार? 'वडिलांची रात्रपाळी, आई पहाटे पाचला मासळी बाजारात, संध्याकाळी चारपर्यंत घरी कोणी नाही, शाळा आठवीत सुटली' असं लिहा, म्हणजे मुलाला कोणाच्या ताब्यात द्यायचं याचा विचार तरी करता येतो. शेजाऱ्याचं ऐकलेलं आणि शाळेच्या नोंदीतलं वेगवेगळं लिहा, कोणी सांगितलं तेही. 'आरोपी', 'अटक' हे शब्द कटाक्षाने टाळा. बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मध्येच तसं तत्त्व आहे.

मुलाशी बोलताना घटनेबद्दल विचारू नका. ते मंडळाचं आणि वकिलाचं काम, आणि तुम्ही ऐकलेलं अहवालात शिरलं तर मुलालाच भोवेल. 'घरांत कोण कोण आसा?' इथून सुरू करा. वास्को, झुआरीनगरकडची बरीच मुलं घरी कन्नड किंवा हिंदी बोलतात. तेव्हा लहान भावंडाला दुभाषा करू नका, अधिकाऱ्याला सांगून मोठं माणूस बोलवा.

वयाचा कागदही नीट बघा. त्याच कायद्याच्या कलम ९४ चा क्रम असा: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर पालिका किंवा पंचायतीचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. आधार कार्ड त्या यादीत नाही, तरी फायलींत सर्रास तेच जोडलेलं असतं.

वहीत मुलाचं नाव, गाव, शाळा लिहू नका, नुसता प्रकरण क्रमांक. ओळख जाहीर झाली तर कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मेरशीच्या 'अपना घर' या मुलांच्या सरकारी गृहातला सेल्फी, मागे पाठमोरं मूल असलेला, हासुद्धा त्यात अडकवू शकतो. आणि इंटर्नशिप संपली की ती वही अधिकाऱ्याकडे द्या, घरी नेऊ नका.