रोजच्या डोकेदुखीवर पेनकिलरऐवजी सप्लिमेंट घेतली तर चालतील का?

तुम्ही लिहिलंय की आठवड्यातले चार-पाच दिवस डोकं दुखतं, प्रत्येक वेळी गोळी घ्यावी लागते, म्हणून आता गोळ्या सोडून मॅग्नेशियम, बी कॉम्प्लेक्स आणि हळदीच्या कॅप्सूल सुरू करायच्या आहेत. मी डॉक्टर नाही, अर्धशिशीची जुनी पेशंट आहे. मीही अशाच तीन डब्या एकदम आणल्या होत्या. म्हणून कळकळीनं सांगते, डबी उघडायच्या आधी गोळ्यांचे दिवस मोजा.

मी कॅलेंडरवर गोळी घेतलेल्या दिवशी पेन्सिलीनं फुली मारायला लागले. वाटलं होतं सात-आठ होतील. महिनाअखेरीस १९ निघाल्या. डॉक्टरांनी ते पान पाहिलं आणि म्हणाले, आता गोळ्यांमुळेच दुखतंय. मला आधी पटलं नाही. पण ज्यांना मुळात डोकेदुखी आहे, त्यांनी साध्या पेनकिलर महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेनचा झटका थांबवणारी खास औषधं) किंवा दोन-तीन औषधं एकत्र असलेल्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त काळ घेतलं, तर औषधच दुखणं टिकवून धरतं. तुमचा हिशोब १६ ते २० दिवसांवर जातो. या गोळ्या कशा सोडायच्या ते डॉक्टरच ठरवतील, कारण काही एकदम बंद करता येत नाहीत. सुरुवातीचे काही दिवस दुखणं वाढतं, माझे फार वाईट गेले. नंतर उतरलं.

आता सप्लिमेंट. ती दुखणं थांबवत नाहीत. मायग्रेनचे झटके कमी यावेत म्हणून रोज घ्यायची असतात आणि फरक कळायला तीनेक महिने लागतात. बी२ म्हणजे रायबोफ्लेविनवरचा १९९८ सालचा जो अभ्यास नेहमी सांगितला जातो, त्यात रोजचा डोस ४०० मिलिग्रॅम होता. शरीराची रोजची गरज एक मिलिग्रॅमच्या जरा वर, त्यामुळे साध्या बी कॉम्प्लेक्समधून एवढं मिळत नाही. (लघवी गडद पिवळी होते, घाबरू नका.) उलट बी६ जास्त प्रमाणात फार दिवस घेतलं तर हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. तो आकडा लेबलवर नक्की पाहा.

मॅग्नेशियमचे अभ्यास बहुतेक ४०० ते ६०० मिलिग्रॅमचे आहेत. पण माझ्या डबीवर पुढं ठळक ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मिग्रॅ’ होतं आणि मागं बारीक अक्षरांत खरं, म्हणजे एलिमेंटल मॅग्नेशियम जेमतेम १४०. वाचायचं ते मागचं. डोस वाढवला तेव्हा माझं पोट बिघडलं, म्हणून मी ते सोडलं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय घेऊच नका. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर हवं.

हळदीच्या कॅप्सूल मी तरी आणणार नाही. शोषण वाढावं म्हणून त्यांत मिरीचा अर्क घालतात आणि अशा कॅप्सूलनी काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर हळद, गिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), फिश ऑइल यांबद्दल आधी डॉक्टरांशी बोला. बटरबर या वनस्पतीचा अर्क तर अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजी अकादमीनं २०१२ मध्ये मायग्रेनसाठी सुचवला होता आणि यकृताच्या भीतीनं २०१५ मध्ये ती शिफारस मागं घेतली. वनस्पतीचं आहे म्हणजे निर्धोक, असं मनात धरू नका.

काही घ्यायचंच ठरलं तर एका वेळी एकच सुरू करा, नाहीतर गुण कशानं आला आणि पोट कशानं बिघडलं ते कळणार नाही. मी तिन्ही एकदम घेऊन दोन महिने वाया घालवले.

मात्र डोकं क्षणात असह्य दुखायला लागलं, तापासोबत मान आखडली, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, डोक्याला मार लागला असेल किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच असं दुखू लागलं, तर फुल्या मोजत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.