विचारा तर खरं : लेकाचं तिकीट, आईबाबांचं तिकीट

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही कोथरूडला राहतो. मुलगा अमेरिकेत इंडियानामध्ये परड्यू युनिव्हर्सिटीत एमएस करतोय, पहिलंच वर्ष. इथे असताना त्याने कधी बास्केटबॉलला हात लावला नाही आणि तिथे जाऊन आख्ख्या सीझनचं तिकीट काढून बसलाय. डिसेंबरच्या शेवटी आम्ही दोघं जाणार आहोत, तर म्हणतो जानेवारीत तुम्हाला मॅच दाखवतो, दोघांचे मिळून २६० डॉलर. वर मार्चमध्ये टीम पुढे गेली तर मित्रांबरोबर गाडी करून दुसऱ्या शहरात जायचंही चाललंय. लोन आमच्या नावावर आहे हो, जीव खालीवर होतो. रागावू का त्याला?
– एक आई, कोथरूड

उत्तर : रागावू नका. तीन खर्च एकत्र धरल्यामुळे तुम्हाला आकडा मोठा दिसतोय, ते आधी सुटे करा, कारण एक अगदी योग्य आहे, एक बदलता येण्यासारखा आहे आणि एकाला मात्र आत्ताच आवर घालायला हवा.

सीझनचं तिकीट हा योग्य खर्च. तिथे विद्यार्थ्यांसाठी वेगळा ब्लॉक राखून ठेवतात आणि बाहेरच्या माणसाला जो भाव पडतो त्याच्या मानाने त्यांचं तिकीट खूपच स्वस्त असतं, काही युनिव्हर्सिट्यांत तर फुकट. पण स्वस्त म्हणजे सहज मिळतं असं नाही हं. ड्यूक युनिव्हर्सिटीचं कॅमेरॉन इनडोअर स्टेडियम १९४० चं आहे, जेमतेम नऊ हजार माणसं मावतात, तिथे पोरं ऐन थंडीत मॅचच्या आधी कित्येक दिवस तंबू ठोकून रांग धरतात आणि एमएस-पीएचडीवाल्यांना तर सीझन तिकीट विकत घ्यायचा हक्क मिळावा म्हणून वीकेंडभर कॅम्प करून लॉटरीत नशीब आजमावावं लागतं. त्याच जागेत २०२२ च्या मार्चमध्ये त्यांच्या ४२ वर्षं कोच असलेल्या माइक शशेव्स्कींची घरची शेवटची मॅच झाली तेव्हा बाहेर एकेका सीटला हजारो डॉलर मोजले लोकांनी. हा फरक लक्षात घ्या. तुमचा मुलगा दोन वर्षांनी पास झाला, नोकरीला लागला की त्याच हॉलमध्ये त्याच मॅचला त्याला बाहेरच्या भावाने आत जावं लागेल. आणि मुख्य म्हणजे पहिल्या वर्षी, नोव्हेंबरपासून पाच-साडेपाचला अंधारून यायला लागतं, खोलीत एकटं बसलं की घर आठवतं, त्या दिवसांत आठवड्यातून एकदा चार पोरांबरोबर ओरडायला जायची जागा आहे त्याला. मी नवऱ्याच्या नोकरीमुळे त्याच भागात चार हिवाळे काढलेत, ती जागा नसलेली मुलंही बघितलीत, म्हणून मनापासून सांगते, तो पैसा वाया गेलेला नाही.

पुरुषोत्तम करंडकाला भरत नाट्यमंदिरात कधी गेला असाल तर पडदा उघडायच्या आधी 'अरे आवाज कुणाचा' होतं ना, छातीत धडधडतं आपल्या, तसं दोन तास चालतं तिथे. परड्यूचा हॉल म्हणजे मॅकी अरेना, १९६७ सालचा, गोल, १४ हजारांवर माणसं, आणि वरच्या छतामुळे आवाज आतल्या आत घुमतो. पोरं एक मिनिट खाली बसत नाहीत. समोरच्या टीमचा खेळाडू फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळालेला मोकळा शॉट, मारायला उभा राहिला की सगळा ब्लॉक हात हलवतो, आणि बॉल रिंगवरून बाहेर पडला की जो आवाज होतो तो मला अजून ऐकू येतो.

आता तुमचे २६० डॉलर. डॉलर नव्वदच्या घरात धरला तर तेवीस हजार झाले की. आणि ते तिथेच थांबत नाहीत. माझ्या पहिल्या मॅचला मी एका रीसेल साइटवर ४४ डॉलरचं तिकीट बघून खूश झाले, शेवटच्या पानावर फी लागून ६१ झाले, मग पार्किंगचे २०, मग दारात सांगितलं की पर्स चालणार नाही, पारदर्शक पिशवीच लागते, तेव्हा पर्स आणि आतला चिवड्याचा डबा गाडीत ठेवायला उणे आठ डिग्रीत पुन्हा एक किलोमीटर चालले आणि सुरुवातीची दहा मिनिटं हुकली ती हुकलीच. मे २०२५ पासून तिथे नियम झालाय की फीसकट पूर्ण किंमत पहिल्यापासूनच दाखवायची, त्यामुळे निदान तो धक्का तुम्हाला बसणार नाही. पण मुलाला एवढं नक्की विचारा की बाबा रे, आपण तिघं एकत्र बसणार आहोत का? बहुतेक नाहीच बसणार, कारण त्याची सीट विद्यार्थ्यांच्या ब्लॉकमधे आणि तिथे आयकार्डाशिवाय सोडत नाहीत. म्हणजे एवढे पैसे घालून तुम्ही दोघं वर कुठेतरी आणि तो खाली.

म्हणून माझं ऐका, जानेवारीतली मोठी मॅच सोडा. तेव्हा कॉन्फरन्सचा, म्हणजे आपल्या गटातल्या मोठ्या युनिव्हर्सिट्यांविरुद्धचा, सीझन भरात असतो, त्यात परड्यूच्या जुन्या प्रतिस्पर्धी इंडियाना युनिव्हर्सिटीविरुद्धची असली तर भाव अजून वर. तुम्ही डिसेंबरमध्येच पोचताय ना, मग सुट्टीतली एखादी लहान कॉलेजविरुद्धची मॅच आहे का बघायला सांगा, पोरं घरी गेलेली असतात, तिकिटं बरीच उतरतात. नाहीतर सरळ मुलींच्या टीमची मॅच बघा. हॉल तोच, बँड तोच, आणि बऱ्याच युनिव्हर्सिट्यांत दहा-पंधरा डॉलरमध्ये काम होतं, तिघं शेजारी शेजारी बसाल. मुलींची मॅच म्हणजे दुय्यम हे तर डोक्यातून काढूनच टाका. २०२४ ची मुलींची फायनल, साउथ कॅरोलायना आणि आयोवाची, टीव्हीवर मुलांच्या फायनलपेक्षा जास्त लोकांनी बघितली. त्याच्या आदल्या ऑक्टोबरमध्ये आयोवाने मुलींची एक मॅच अमेरिकन फुटबॉलच्या उघड्या स्टेडियमवर ठेवली तर ५५,६४६ लोक आले होते. आणि तरीही त्याला मोठीच मॅच दाखवायची असेल तर विद्यार्थ्यांच्या ब्लॉकच्या बरोब्बर समोरची, वरची स्वस्त सीट घ्या. तिथनं मॅच दिसतेच आणि ओरडणारा तुमचा मुलगाही दिसतो.

मार्चचं मात्र आत्ताच बोलून ठेवा. तेव्हा देशभरातल्या कॉलेज टीमची मोठी स्पर्धा असते, हरली ती टीम बाहेर, आणि आपली टीम कुठल्या शहरात खेळणार हे मार्चच्या मध्यात एका रविवारी कळतं, खेळायचं चार-पाच दिवसांत. म्हणजे हॉटेल, गाडी, तिकीट सगळं ऐन वेळच्या भावाने. २०२४ ला परड्यू फायनलला पोचली, ती ॲरिझोनात होती, स्टेडियममध्ये सत्तर हजारांवर माणसं, आणि शेवटी युकॉनकडून (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) ६०–७५ ने हरली. परतीचा प्रवास असा हरून असू शकतो हे धरूनच जायचं. त्याला सांगा, गाडीने पाच-सहा तासांत जाता येत असेल आणि चौघं एका खोलीत राहणार असाल तर जा, विमानाचं तिकीट काढायचं नाही. आणि एक युक्ती : आधीपासून तिकीट घेऊन ठेवायचं नाही. पहिल्या राउंडला एका तिकिटात लागोपाठ दोन मॅच असतात, ज्यांची टीम हरते ते लोक पुढच्या राउंडची तिकिटं त्याच रात्री विकायला काढतात, तेव्हा भाव पडतो.

प्रश्न : माझी भाची तिकडे असते, तिच्यामुळे मीही कॉलेज बास्केटबॉल बघायला लागलोय. खेळणारी मुलं विद्यार्थीच ना, मग तिकिटं एवढी महाग का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : कारण चांगल्या सीट नुसत्या तिकिटाच्या किमतीत मिळतच नाहीत. मोठ्या युनिव्हर्सिट्यांमध्ये सीझन तिकीट घ्यायच्या आधी दरवर्षी क्रीडा विभागाला देणगी द्यावी लागते, जेवढी देणगी मोठी तेवढी सीट कोर्टच्या जवळ. पूर्वी त्या देणगीच्या ८० टक्के रकमेवर टॅक्स सवलत मिळायची, २०१८ पासून तीही बंद झाली, म्हणजे तोच खर्च घरच्या खिशावर जास्त पडायला लागला. आणि आता खेळाडूंना पैसे मिळतात. २०२१ पासून जाहिराती करून कमवायची मुभा मिळाली, आणि जून २०२५ मध्ये कोर्टाने जी तडजोड मंजूर केली तिच्यामुळे युनिव्हर्सिटी स्वतः खेळाडूंना वाटा देऊ शकते, पहिल्या वर्षी सगळ्या खेळांचे मिळून सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. मला हे न्याय्यच वाटतं, इतकी वर्षं घाम त्यांचा आणि पैसा दुसऱ्यांचा होता. पण तो खर्च कुठून तरी निघायला हवा, मग टेनेसी युनिव्हर्सिटीने अमेरिकन फुटबॉलच्या सीझन तिकिटांवर सरळ १० टक्के 'टॅलेंट फी' लावली. कोचचे करोडोंचे पगार आहेत तसेच ठेवून बोजा प्रेक्षकावर टाकायचा हे मात्र मला पटत नाही.

प्रश्न : मी एफवायला आहे, आमच्या टीमची मॅच असली की आम्ही सहा-सात जणीच असतो बघायला. तिकडच्यासारखं इथे का होत नाही? तिकडच्या मॅच इथून बघता येतात का?
– एक विद्यार्थिनी, डेक्कन

उत्तर : अगं, इथे तर तिकीटच नाही! आपल्याकडच्या इंटरकॉलेज मॅच बघायला एक रुपया लागत नाही, कोर्टच्या कडेला कट्ट्यावर बसायचं फक्त. पुढच्या मॅचला प्रत्येकीने दोन मैत्रिणी आणा, अठरा-वीस जणींचा ताल धरून ओरडा सुरू झाला की खेळणाऱ्या मुलींना काय वाटतं ते त्यांनाच विचार. तिकडच्या संध्याकाळी सातच्या मॅच पूर्व किनाऱ्यावर असतील तर हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचला लागतात, मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुढे गेली की साडेचारला. मुलींच्या मॅचला दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर असतात, सगळं धरून दोन तास, म्हणजे साडेपाचची मॅच साडेसातला संपते आणि पहिलं लेक्चर चुकत नाही.